एक तारखेपासून दुकान वाढवत आहोत

नवीन वर्षाचे संकल्प लोक मनातल्या मनात करतात, म्हणून ते मनातल्या मनातच मरतात. कोणाला पत्ता लागत नाही, सुतक पाळावं लागत नाही. मी तसं केलं नाही! मी माझं ध्येय चार फूट बाय तीन फूट पत्र्यावर, पिवळ्या रंगावर लाल अक्षरांत रंगवून घेतलं आणि रिठदच्या बस स्टॉपवर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक एसटीला दिसेल असं टांगलं. सगळ्या रिसोड तालुक्यात असा ध्येयवादी माणूस दुसरा झाला नसेल, हे मी त्या दिवशी छाती ठोकून सांगितलं असतं. आज विचाराल तर जरा हळू बोलतो.

मी विकास. विकास लेडीज टेलर. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, परकर, फॉल-पिको. बस स्टॉपला लागून शेषरावकाकांच्या दोन खोल्या आहेत, त्यातल्या रस्त्याकडच्या खोलीत बारा वर्षांपासून माझी मशीन चालते. शेषरावकाका पोस्टातून रिटायर झालेले. शब्दाचे इतके पक्के की चार वाजता येतो म्हणाले तर पावणेचारला दारात हजर, आणि एकदा दिलेला शब्द घरावरचा पत्रा उडाला तरी फिरवणार नाहीत. मागची दुसरी खोली रिकामीच असायची. तिच्यात काकांची गव्हाची कोठी होती, एक मोडका पलंग होता, आणि पूर्वेला एक मोठी खिडकी होती. माझ्या बायकोचा जीव त्या खिडकीत अडकला होता.

माझी बायको रूपाली वाशिमला एका मॅडमकडे तीन महिने आरी वर्क शिकली. आरी म्हणजे टोकाला आकडा असलेली बारीक सुई. लाकडी चौकटीवर कापड ताणायचं आणि एकेक टाक्यानं जरी, मणी, टिकल्या भरायच्या. आजकाल नवरीच्या ब्लाउजच्या पाठीवर मोर नसला तर भटजी मंगलाष्टकं सुरू करत नाहीत म्हणे! कामाला मागणी भरपूर, पण लागतो उजेड. आणि आमच्या घरी तिची चौकट ठेवली होती ओसरीत, बाबांच्या बाजेशेजारी. तिथं ऊन येतं दुपारी तासभर, तेही शेळी आडवी आली नाही तर. एकदा तर शेळीनं अर्धा मोर टिकल्यांसकट खाल्ला. रूपाली रडली नाही, फक्त पुढचे आठ दिवस तिनं चौकटीवरची चादर काढली नाही. मला ते फार लागलं होतं. ती खोली मिळवायचीच, असं मी तेव्हाच मनाशी धरलं.

काकांना विचारलं. काका म्हणाले, "एक तारखेले सांगतो. मले माणूस टिकणारा पाह्यजे." मी म्हटलं, काका, माझ्यापेक्षा टिकणारा माणूस तुम्हाला पंचक्रोशीत मिळणार नाही!

तेवढ्यात डिसेंबरात वाशिमला एका मंगल कार्यालयात ध्येयाचं शिबिर लागलं. मी ज्याच्याकडून दोरे-बटणं घेतो त्यानं दोन पास दिले. रूपालीला चल म्हटलं तर ती म्हणाली, मले काय पाह्यजे ते मले माईत हाये, त्याले शिबिर कायले? म्हणून मी एकटाच गेलो. स्टेजवर गालाला माइक चिकटवलेले एक सर होते. ते तीन तास एका जागी उभे राहिले नाहीत. त्यांनी तीन सूत्रं दिली. ध्येय दोन-तीन शब्दांत मावलं पाहिजे. ध्येय चारचौघांत जाहीर केलं पाहिजे. आणि कोणी शंका काढली तर समजावत बसायचं नाही, कारण समजावलं की ध्येयातली शक्ती गळते! छाती काढायची आणि एवढंच म्हणायचं, "हो, ठरलं!" आम्ही तीनशे जणांनी मिळून 'हो, ठरलं'ची अशी आरोळी ठोकली की पलीकडे भाजी चिरणारा आचारी झारा घेऊन आत डोकावला.

परत येताना वाशिम-रिसोड गाडीत मी शब्द जुळवत बसलो. 'व्यवसायाचा विस्तार' फारच पुस्तकी वाटलं. 'दुकान मोठं करणार' म्हणावं तर त्यात मिजास आली, गावात उद्या कोणीही विचारेल, लय मोठा झाला का रे? आणि मग रिठदचा थांबा यायच्या जरा आधी सुचलं. दुकान वाढवणार! आहाहा! दोन शब्द, नम्र, आणि तोंडात असे बसलेले की जणू लहानपणापासून रोज संध्याकाळी म्हणत आलोय. ते इतके ओळखीचे का वाटतात, याचा विचार मात्र मी केला नाही. त्या दिवशी मी विचार करण्याच्या पलीकडे गेलो होतो.

हरीओम पेंटरला मजकूर लिहून दिला: 'सप्रेम नमस्कार. १ जानेवारीपासून दुकान वाढवत आहोत. आपण दिलेल्या प्रेमाबद्दल आभार. विकास लेडीज टेलर.' हरीओमनं तो दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि पक्कं का म्हणून विचारलं. मी छाती काढून म्हटलं, हो, ठरलं! तो ब्रश भिजवायला लागला. संध्याकाळी बोर्ड घ्यायला गेलो तर खाली जोडलेले दोन हात आणि कोपऱ्यात एक समई काढलेली. मी सांगितली नव्हती. तो म्हणाला, एवढ्या वर्षांचे संबंध हायेत, तेवढं तं करूच. माझे डोळे भरून आले. बोर्डाचा परिणाम टांगायच्या आधीच सुरू झाला होता!

अठ्ठावीस तारखेला सकाळी बोर्ड लागला. दहा वाजेपर्यंत कोणीतरी त्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला, आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. 'विकासभाऊ, तुमची आठवण येईल' असं एकानं लिहिलं. मला वाटलं, याला कापड शिवायचं आठवलं असेल. मी त्याला अंगठ्याचं चित्र पाठवलं.

सगळ्यात आधी आल्या गोमतीबाई. यांचं माप मी डोळे मिटून घेऊ शकतो, इतकं जुनं गिऱ्हाईक. दारात उभ्या राहून त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, मग मशीनकडे, मग माझ्याकडे.

"विकासभाऊ, माहे तिन्ही पीस देऊन टाका."

"काहून? परवा शिवून देतो ना."

"नाही, तुमच्यामांगं आता धावपय असन. खरंच ठरलं काय?"

"हो, ठरलं!"

"अन् रूपाली काय म्हणते?"

"तिच्यासाठीच तं करून राह्यलो, काकू. घरात तिच्या डोयापुढं नुसता अंधार असते."

गोमतीबाईंनी पदर तोंडाला लावला. मला बरं वाटलं. बायकोच्या कलेची एवढी कदर कोण करतं!

"वाशिमले दाखवलं का?"

"दाखवलं ना. तिथच्या मॅडम म्हणे, हिले खिडकीपाशी बसवा, दुसरा उपाय नाही."

काकू पीस न घेताच वळल्या, दोन पावलं गेल्या, परत आल्या, पीस घेतले आणि गेल्या.

त्यानंतर जे सुरू झालं ते मी बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. बायका! नुसत्या बायका! दुपारपर्यंत नऊ, संध्याकाळपर्यंत सोळा. ज्या बाईनं गेल्या दिवाळीला ब्लाउज टाकून नंतर तोंड दाखवलं नव्हतं ती आली. जिचा ब्लाउज मीच दिवाळीपासून टाळत होतो तीही आली. सगळ्यांचं एकच म्हणणं: एकतीस तारखेच्या आत शिवून द्या, नाहीतर कापड परत द्या. मी मनात म्हटलं, काय ताकद आहे जाहीर ध्येयाची! अजून दुकान वाढलंही नाही आणि गिऱ्हाईक मावेना! मी पहाटेपासून मशीनवर बसायला लागलो. पायडल मारून मारून पोटऱ्यांना गोळे आले, आणि त्या घाईत एका पोलक्याला दोन्ही बाह्या उजव्याच लागल्या. ती बाई चिडली नाही. उलट माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, राहू द्या भाऊ, अशा वेळी डोकं ठिकाणावर नसतेच.

काय माणसं आहेत आमच्या गावची, मला भरून येत होतं.

घरी वेगळीच तऱ्हा. रूपालीकडे लोक खायला आणायला लागले. कोणी तूप-साखर घातलेला शिरा आणला, कोणी डाळिंबं आणली, एका आजीबाईंनी कसल्याशा पाल्याचा हिरवागार काढा आणून समोर बसून पाजला. रूपालीनं मला विचारलं, हे लोक असं काहून करून राह्यले? मी म्हटलं, अगं, अभिनंदन! नवीन काम सुरू करते म्हणून कौतुक! ती म्हणाली, मंग रडते काहून? मी म्हटलं, आनंदानं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही, कारण तिला वेळ नव्हता. शेषरावकाकांच्या घरच्या केशरकाकूंसाठी ती निळ्या ब्लाउजवर कमळाची वेल भरत होती. काका खोली देवोत न देवोत, काकूंना कामाचा नमुना दिसला पाहिजे, असं तिचं म्हणणं. शेळी मी बाहेर बांधली होती, आणि ती बॅटरी दातात धरून टाके घालत होती. बॅटरी दातात! मी म्हटलं, आता दोनच दिवस. एक तारखेला तुला खिडकी देतो. ती हसली, आणि बॅटरी खाली पडली.

तीस तारखेला खुद्द शेषरावकाका दुकानात आले. पंधरा मिनिटं बोर्डासमोर उभे होते. मग आत येऊन म्हणाले, "हे पक्कं हाये ना, विकास?"

"हो, ठरलं, काका! तेवढं खोलीचं पाहा."

"खोलीचं म्या पायतो. तू कायजी करू नको." आणि काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

झालं! खोली मिळाली! काकांचा शब्द! मी त्याच आनंदात मशीन इतकी जोरात चालवली की पट्टा तुटला.

दुपारी सेवालाल आला. हा पलीकडच्या तांड्यावरचा, रसवंती चालवतो, कामाचा माणूस. त्याच्या हातात वही होती. म्हणाला, शेषरावकाकानं धाडलं, खोल्याइचं माप घ्यायचं हाये. मी म्हटलं, वा! काकांनी मधली भिंत पाडायला माणूसही पाठवला! सेवालालकडे टेप नव्हता, म्हणून मी माझ्या गळ्यातला टेप काढून दिला. त्यानं एक टोक धरलं, दुसरं मी धरलं, आणि आम्ही दोघांनी मिळून माझं दुकान आणि मागची खोली इंचाइंचानं मोजली. तो वहीत लिहीत होता आणि बोलत होता, इथं काउंटर, तिथं फ्रीज. फ्रीज कशाला, मी विचारलं. कोल्ड्रिंकले, तो म्हणाला. मी भारावून गेलो. ब्लाउज टाकायला आलेल्या बाईच्या हातात थंडगार बाटली! असा विचार शिबिरातल्या सरांनाही सुचला नसता. मी त्याला मशीन हलवून कोपराही मोजू दिला.

एकतीस तारखेला चार वाजता दुकानासमोरच्या ओट्यावर कार्यक्रम ठरला होता. कोणी ठरवला मला माहीत नव्हतं, पण खुर्च्या आल्या, माइक आला, सेवालालचा फ्रीजही हातगाडीवर आला आणि दोरीनं बांधून बाजूला उभा राहिला. मी इस्त्रीचा शर्ट घातला. रूपालीला दोन बायका दोन्ही दंडांना धरून घेऊन आल्या आणि पंख्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. थंडीचे दिवस, आणि पंखा! ती त्यांना सारखी सांगत होती की मी चालू शकते, आणि त्या सारख्या म्हणत होत्या की बोलू नको, दम लागीन.

मला शाल घातली. नारळ दिला. शेषरावकाका माइकवर उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले की विकास चांगला माणूस होता.

होता?

बारा वर्षं त्यानं गावाची सेवा केली, काका म्हणाले. कोण्या बाईला वाकडं बोलला नाही. मापात थोडा इकडंतिकडं व्हायचा, पण मन सरळ होतं. मी नारळ छातीशी धरून ऐकत होतो. आपण मेलो तर नाही ना, अशी शंका मला एकदा येऊन गेली. मी हळूच पायाचा अंगठा हलवून पाहिला.

तेवढ्यात वाशिमकडची एसटी थांबली आणि माझे वडील उतरले. आमचे बाबा, पुंजाजी, आठ दिवस इंझोरीला माझ्या बहिणीकडे गेले होते. त्यांनी खिडकीतूनच बोर्ड वाचला असावा, कारण पिशवी खाली न ठेवता ते सरळ ओट्यावर चढले.

"कोणाले इचारून दुकान वाढवून राह्यला बे?"

"बाबा, अजून वाढवलं नाही. उद्यापासून."

"अन् मंग खाशीन काय?"

"वाढवल्यावरच तं पोटभर खाऊ, बाबा!"

समोरच्या खुर्च्यांत कोणीतरी म्हणालं, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. बाबांनी डोक्याचा रुमाल काढला, तोंड पुसलं आणि एकदम शांत झाले. बाबा ओरडतात तोवर काही भीती नसते.

"संध्याकाळी तू मशीनवर कापड टाकतो. शटर खाली वढतो. घरी येतो. तवा म्या बाजेवरून तुले काय इचारतो?"

"काय विचारता... 'विकास, दुकान वाढवलं का?'"

"अन् तू काय म्हणतो?"

"'हो बाबा, वाढवलं.'"

"मंग तुहं दुकान रोज संध्याकाळी मोठं होते काय?"

माइक सुरू होता. हे सगळं बस स्टॉपवर, पानठेल्यावर आणि थांबलेल्या एसटीत व्यवस्थित ऐकू गेलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कसं लक्षात आलं नाही? अहो, आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद होत नाही, वाढतं. 'बंद' हा शब्द लक्ष्मीच्या कानावर पडू नये म्हणून आमच्या आज्यापणज्यांनी ही सोय करून ठेवली. मी स्वतः बारा वर्षं रोज संध्याकाळी दुकान वाढवत आलो! तोच शब्द मी समई आणि नमस्कारासकट पत्र्यावर लिहिला, आणि जो जो विचारायला आला त्याला छाती काढून सांगितलं की हो, ठरलं. रंगवणाऱ्या हरीओमनं तर मला अखेरचा निरोप दिला होता.

मी भराभर सगळं सांगून टाकलं. शिबिर, सूत्रं, दुसरी खोली, आरीची चौकट. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं आणि पाठोपाठ सगळा ओटा हसायला लागला. एसटीचा कंडक्टर बेल मारायची विसरला.

रूपाली हसत नव्हती. ती खुर्चीतून उठली. "अन् मले काय झालं?" तिनं दंड धरणाऱ्या बायांना विचारलं. "मले काहून काढा पाजला?"

गोमतीबाईंनी खाली मान घालून सांगितलं की विकासभाऊच म्हणाले, डोळ्यापुढं अंधार आहे आणि वाशिमच्या मॅडमनं हात टेकले. रूपालीनं माझ्याकडे पाहिलं. मी शाल जरा वर ओढून घेतली.

पण खरा घाव पुढंच होता. मी काकांना म्हटलं, "काका, चुकी माझी. पण दुकान माझं चालूच राहील, आणि मागची खोली तेवढी..."

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "दोनी खोल्या म्या सेवालालले देऊन बसलो, विकास. इसारबी घेतला. शब्द गेला."

शब्द गेला म्हणजे काय, ते रिठदमध्ये कोणाला समजवावं लागत नाही. मला पहिल्यांदा भीती वाटली. इतकी की हातातला नारळ मला पेलेना. रूपालीला दिलेली खिडकी मी स्वतः टेप धरून मोजून दुसऱ्याला दिली होती, आणि वर स्वतःचंही दुकान घालवलं होतं. मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो.

तेव्हा केशरकाकू उठल्या. निळा ब्लाउज त्यांच्या हातात होता, रूपालीनं येतानाच दिला होता. त्यांनी तो उजेडात धरून उलटसुलट बघितला, माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि रूपालीला विचारलं, "हे कोठं बसून केलं तू?"

"ओसरीत."

"त्या अंधारात?"

"बॅटरी दाताखाली धरून, काकू."

"तुले काय पाह्यजे, तू सांग. तुह्या नवऱ्यानं लय सांगितलं."

रूपाली एक पाऊल पुढं आली. "मले दुकान नको, बोर्ड नको, फ्रीज नको. मले एक खिडकी पाह्यजे. सुई दिसली पाह्यजे, बस."

मी इतके दिवस ध्येय ध्येय करत होतो, आणि तिनं ते एका दमात सांगून टाकलं. मला लाज वाटली, आणि तिचा अभिमानही वाटला. दोन्ही एकदम वाटलं की माणूस कसा दिसतो ते मला माहीत नाही, पण बाबा म्हणाले, तोंड मीट.

काकू सेवालालकडे वळल्या. सेवालालनं बिचाऱ्यानं आधीच हात वर केले होते. म्हणाला, मले कोल्ड्रिंक ठेवाचं हाये, खिडकीतलं ऊन घेऊन म्या काय करू? मले तं एकच खोली पाह्यजे होती, काकाच म्हणे दोनी घे. मागची तुमी ठेवा, पण रस्त्याकडची मी सोडत नाही, माहा फ्रीज आला. आणि त्यानं दोरीत बांधलेल्या फ्रीजवर हात ठेवला.

काकांचा जीव भांड्यात पडला. शब्द त्यांनी मोडला नव्हता, सेवालालनं अर्धा परत केला होता. ते लगेच म्हणाले, "मंग मागची खोली विकासले."

"विकासले नाही," केशरकाकू म्हणाल्या. "रूपालीच्या नावानं. ह्याच्या नावानं देसान, तं पुढच्या वर्षी अजून एखादा बोर्ड लावीन."

लोकांनी टाळ्या वाजवल्या! इतक्या वाजवल्या की मीही वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी दुकान गमावलं आणि पहिल्यांदा एवढा खूश झालो. एक तारखेला सकाळी सात वाजता आम्ही चौकट खिडकीखाली लावली. ऊन सरळ कापडावर पडलं, आणि रूपाली नुसती त्या उजेडावर हात फिरवत बसली. मी मशीन आणली, पण मधोमध चौकट, भिंतीला मण्यांचे डबे, दाराशी बसायची सतरंजी. शेवटी मशीन दारामागं गेली. दार पूर्ण उघडलं की मी कोणाला दिसत नाही.

काम मात्र धो धो यायला लागलं! आधी गावचं, मग रिसोडचं, मग वाशिमचं. संक्रांतीनंतर एक दिवस किन्हीराजाहून एक बाई लग्नाचे चार ब्लाउज घेऊन आल्या. रूपाली घरी जेवायला गेली होती. मी दारामागून बाहेर आलो. त्यांनी मॅडम कधी येतील म्हणून विचारलं. मी म्हटलं, बसा, येतीलच. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमी इथं काय करता, भाऊ?"

मी छाती काढली. "मी विकास. बारा वर्षांपासून लेडीज टेलर. पण सध्या मॅडमच्या ब्लाउजले हुक लावतो."

"हुक लावता?" बाई म्हणाल्या आणि पिशवीतून एक जुना ब्लाउज काढून माझ्या हातात दिला. "मंग मॅडम येईलोक एवढे चार लावून द्या. अन् घट्ट लावजा."